विशारद झाला, शिक्षक कधी होणार?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी 'वंदे मातरम्'च्या दीडशे वर्षपूर्तीच्या उत्सवाचा प्रारंभ झाला आणि देशभर त्याचे सामूहिक गायन झाले. संपूर्ण गीत शाळाशाळांतून निनादावे, ही राष्ट्रीय विचारांच्या समाजाची कित्येक दशकांची आकांक्षा होती. तिच्या पूर्तीचा आनंद मोठाच आहे. मात्र या आनंदात एक साधा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. मुलांना ते गीत सुरात गायला शिकवले कोणी? ज्या शाळेत संगीतशिक्षक आहे तिथे त्याने शिकवले. जिथे नाही तिथे चित्रकलेच्या किंवा मराठीच्या शिक्षकांनी वेळ निभावून नेली, नाही तर ध्वनिमुद्रण लावले आणि मुलांनी त्याच्या मागोमाग आवाज लावला. भावनेत कुठेच उणेपणा नव्हता. स्वराचे काय झाले, हे ज्याचे कान तयार आहेत त्याला सांगायला नको. त्यातही अधिक विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, संगीतशिक्षक असलेल्या शाळांतही अनेक ठिकाणी चित्र फार वेगळे नव्हते.

'वंदे मातरम्' आणि संगीतशिक्षक यांचे नाते पं. विष्णु दिगंबर पलुस्करांपासूनचे आहे. १९२३च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षपदी असलेल्या मौलाना महंमद अली यांनी या गीतावर आक्षेप घेतला आणि पलुस्करांनी तो न जुमानता ते गायले, हा प्रसंग या साप्ताहिकाच्या वाचकांना ठाऊक आहे. पलुस्करांच्या त्या बाणेदारपणाचे स्मरण दरवर्षी होते आणि ते व्हायलाच हवे. पण ज्या कामात त्यांनी उभे आयुष्य वेचले त्याचे स्मरण त्या मानाने कमी होते. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करताना त्यांच्यासमोर केवळ गवई घडवण्याचे स्वप्न नव्हते. प्रतिष्ठित घरांतल्या मुलामुलींना संगीत शिकता यावे, यासाठी ठिकठिकाणी शिकवणारी चारित्र्यवान माणसे हवीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी 'उपदेशक वर्ग' चालवला. दीर्घ मुदतीच्या कराराने विद्यार्थी राहात. निवास, भोजन आणि विद्या यांचा भार संस्था उचले. हे विद्यार्थी स्वतः शिकत आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवीत. शिकवताना गुरुजींची नजर त्यांच्यावर असे. पुढे पं. विनायकबुवा पटवर्धन, पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. नारायणराव व्यास, प्रा. बा. र. देवधर अशी माणसे गावोगाव जाऊन संस्था उभारू शकली, त्यामागे ही तालीम होती. देवधरांची स्कूल ऑफ इंडियन म्युझिक १९२५ची, विनायकबुवांचे पुण्याचे गांधर्व महाविद्यालय १९३२चे. कर्जापायी मुंबईची वास्तू हातची गेली तरी पलुस्करांचे कार्य बुडाले नाही, कारण ते इमारतीत नव्हते. शिकवता येणाऱ्या माणसांत होते.

आज ज्याला 'देखरेखीखालील अध्यापन सराव' म्हणतात आणि जे पाश्चात्त्य शिक्षणशास्त्राची देणगी म्हणून सांगितले जाते, ते शतकापूर्वी एका कुरुंदवाडच्या माणसाने लाहोरात प्रत्यक्ष चालवून दाखवले होते. त्याच्याही मागे घराण्यांची परंपरा होतीच. गुरूच्या घरी जुना शिष्य नव्याला पलटे घोटवून घेई. गुरुजी आतल्या खोलीत असत, पण कान बाहेर असे. चुकीचा स्वर निसटला तर हाक येई, आणि ती नव्या शिष्यापेक्षा जुन्यासाठीच जास्त असे. गुरुशिष्यपरंपरेत पद्धत नव्हती, नुसती भक्ती होती, असे म्हणणारे विद्वान ही बाजू पाहात नाहीत. तितक्याच चुकीच्या समजुतीत आपल्याकडचे भाविकही असतात. गुरुकृपा झाली, गळा तयार झाला, आता शिकवणे आपोआप येईल, असे त्यांना वाटते. शिकवणे आपोआप येत नाही. उत्तम गवयांपैकी कितीतरी जण शिष्य घडवू शकले नाहीत आणि मध्यम गळ्याच्या गुरूंनी मैफली गाजवणारे शिष्य दिले, याची साक्ष संगीताचा इतिहास पानोपानी देतो.

मग आजची स्थिती काय आहे? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत शास्त्रीय संगीत नेले, हे ऋण फेडता येण्यासारखे नाही. पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या या मंडळाइतकी व्यापक परीक्षायंत्रणा संगीतात दुसरी क्वचितच असेल. पण विशारदच्या परीक्षेत काय पाहिले जाते? रागाची शुद्धता, आलाप-तानांची तयारी, लयकारी, ताल हातावर धरून म्हणणे, शास्त्राचा लेखी पेपर. हे सारे आवश्यकच. मात्र त्या परीक्षार्थीसमोर चाळीस मुले बसवून 'यांना भूपाचा आरोह शिकवा' असे कोणी म्हणत नाही. विशारद होऊन तो शाळेत जातो आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर ती चाळीस मुले येतात.

दुसऱ्या बाजूला बी.एड.ची व्यवस्था आहे. २०१५पासून तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली. सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचण, मार्गदर्शक शिक्षकाचे निरीक्षण, छात्राध्यापकाने एकमेकांचे पाठ पाहणे, हे सारे तिथे आहे. त्याचा दर्जा अनेक ठिकाणी कागदोपत्रीच उरला आहे, ही गोष्ट वेगळी; निदान चौकट तरी आहे. गणित शिकवणाऱ्याला वीस आठवडे वर्गात घालवावे लागतात आणि संगीत शिकवणाऱ्याला एक दिवसही नाही, ही विसंगती कोणाला खटकत नाही. बी.एड. झालेल्याला बहुधा गाता येत नाही, गाणारा बहुधा बी.एड.ला जात नाही, आणि शाळा या दोघांच्या मधल्या पोकळीत उभी आहे.

या पोकळीचे परिणाम मुलांच्या गळ्यावर होतात. नवा शिक्षक स्वतःच्या पट्टीत शिकवतो, कारण तीच त्याला सवयीची असते. पुरुष शिक्षक काळी एक धरून बसतो. मुले त्याच्या वरच्या सप्तकात गातात. स्थायी निभावते, अंतरा तार गांधाराकडे गेला की वर्ग ओरडू लागतो. कोणीतरी सांगते म्हणून तो पट्टी उतरवतो, तर मंद्राकडे जाताना लहानांचा आवाजच उमटत नाही. कोणत्या वयाच्या वर्गाला कोणती पट्टी, कोणत्या रचनेचा विस्तार कुठून कुठपर्यंत, हे रियाजाच्या खोलीत कळत नाही. वर्गातच कळते, आणि तेही कोणी शेजारी बसून दाखवले तर लवकर कळते. सातवी-आठवीतल्या मुलांचा कंठ फुटू लागतो, तेव्हा तर खरी कसोटी असते. कालपर्यंत पुढे बसून गाणारा मुलगा एकाएकी बेसूर होतो, मित्र हसतात, आणि शिक्षक त्याला 'तू नुसता उभा राहा' असे सांगतो. त्या एका वाक्याने तो मुलगा गाण्यापासून बहुधा कायमचा दुरावतो. काही महिने त्याला मोजक्या स्वरांत, खालच्या पट्टीत गायला द्यायचे असते, एवढे जरी कोणी त्या शिक्षकाला सांगितले असते तरी पुरे होते.

वाद्यांचे प्रश्न निराळे आहेत. शाळेत तबल्याच्या दोन जोड्या आणि वर्गात तीस मुले, अशी स्थिती सर्वत्र आढळते. अनुभवी शिक्षक दोघांना तबल्यावर बसवतो आणि उरलेल्यांकडून हातावर टाळी-खाली देत पढंत करून घेतो; पाच मिनिटांनी जोडी बदलतो. अननुभवी शिक्षक दोघांना शिकवतो आणि अठ्ठावीस जण गोंगाट करतात. नवशिक्याला मुलांना लवकर काहीतरी वाजवून दाखवायचे असते म्हणून तो निकासापूर्वी वेग देतो. किनारीवरचा 'ना' स्वच्छ उमटायच्या आत कायदा सुरू होतो आणि लहान मनगटाला लागलेली वाईट सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. बासरीला खालच्या पट्टीची लांब बासरी दिली तर दहा वर्षांच्या मुलाची बोटे छिद्रांपर्यंत पोचतच नाहीत. पेटीवर भाता एका हाताने आणि बोटे दुसऱ्या हाताने, हा मेळ बसवायलाच लहानांना आठवडे लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तंबोरा जुळवण्यात दहा मिनिटे गेली तर उरले काय? ग्रंथांत यांपैकी बरेच काही सापडत नाही. एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे, पाहून आणि चुकून, ते पोचत असते.

एकेकट्याला शिकवणे आणि वर्गाला शिकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. घरगुती शिकवणीत गुरू एका गळ्याकडे, एका हाताकडे बघतो. वर्गात सामान्य मुलाला धरून पुढे जायचे, हुशाराला थांबवायचे नाही आणि कानाने कच्चे असलेल्याला लाजवायचे नाही. सराव करणाऱ्या उमेदवाराला दोन्ही करायला मिळायला हवे. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षक प्रशिक्षणार्थींना, संगीताच्याही, १२० दिवस आणि किमान दोन शाळांत काढावे लागतात. तिथले सगळेच अनुकरणीय आहे असे नाही. तिथल्या वर्गसंगीताची भारतीय संगीताशी तुलनाही करता येत नाही. पण दोन शाळांची अट शहाणपणाची आहे. एकाच शाळेत सराव केलेला उमेदवार त्या शाळेची लय हीच संगीतशिक्षणाची लय समजून बसतो. पुण्यातल्या पेठेतल्या शाळेत जे चालते ते नंदुरबारच्या आश्रमशाळेत चालत नाही. तिथे मुलांचे कान पावरीवर तयार झालेले असतात. तिथे भूप कुठून सुरू करायचा, हे तिथे जाऊनच शिकावे लागते. जनजाती भागात शहरातले संगीत नेताना आपण काही देत आहोत एवढाच भाव असेल, तर आपल्याला काय घ्यायचे आहे हे हुकते.

संघाच्या स्वयंसेवकाला यात नवे वाटण्यासारखे काही नाही. शाखेत गण घ्यायला कोणालाही एकदम उभे करत नाहीत. वर्गात शिक्षकाच्या शेजारी उभे राहून, मग त्याच्या नजरेसमोर आणि मग एकट्याने, अशा पायऱ्यांनी तो घडतो. घोषाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. शंख, वेणू, आनक, पणव वाजवता येणे आणि ते दुसऱ्याला शिकवता येणे यांतले अंतर प्रत्येक घोषप्रमुखाला माहीत असते. संगीताची पूर्वपीठिका नसलेल्या तरुणांकडून स्वदेशी रचना एका सुरात, एका पावलात वाजवून घेण्याची जी पद्धत घोषात विकसित झाली आहे, तिच्याकडे संगीतशिक्षण म्हणून अजून कोणी पाहिलेले नाही. खरे तर संगीत महाविद्यालयांनी ती पाहावी.

मात्र परिवारातील शिक्षणसंस्थांनीही थोडे आत वळून पाहण्याची गरज आहे. विद्या भारतीने शारीरिक, योग, संगीत, संस्कृत आणि नैतिक-आध्यात्मिक शिक्षण हे पाच आधारभूत विषय मानले, ही दूरदृष्टी. पण विषय आधारभूत मानणे आणि त्याचा शिक्षक तयार करणे यांत अंतर राहते. राष्ट्रीय विचारांच्या अनेक शाळांतही संगीतशिक्षकाची आठवण स्नेहसंमेलनाच्या आधी एक महिना होते. पाहुण्यांचे स्वागतगीत बसले, समूहगान स्पर्धेत ढाल मिळाली, की वर्ष सार्थकी लागले. ढाल दहा मुले आणतात. उरलेल्या पाचशेंनी वर्षभर काय केले, हे संस्थाचालकांच्या बैठकीत विचारले जात नाही. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांच्या मनातले गणितही बदलले आहे. मुलगी गाते का, यापेक्षा तिच्या किती परीक्षा झाल्या हे महत्त्वाचे ठरते. असा पालक शिक्षकाकडे परीक्षेत विचारतील तेवढ्याच बंदिशी पक्क्या करून मागतो. ज्याने कधी दुसऱ्याच्या नजरेखाली शिकवलेले नाही, तो शिक्षक या मागणीपुढे सहज वाकतो. त्याच्याजवळ नाही म्हणण्याचे शास्त्र नसते.

धोरणाच्या पातळीवर वारे अनुकूल आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कलाशिक्षणाला अभ्यासेतर उपक्रमांच्या कोपऱ्यातून बाहेर काढले. २०२३च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचा विषय केला आणि त्यानंतर एनसीईआरटीने तिसरीसाठी 'बाँसुरी', सहावीसाठी 'कृति' अशी कलेची पाठ्यपुस्तके काढली. मेकॉलेच्या सावलीत वाढलेल्या शिक्षणव्यवस्थेने गाण्याला छंद ठरवले होते. त्या व्यवस्थेत ही मोठी झेप आहे. पण पाठ्यपुस्तक गात नाही. गाणार आहे तो शिक्षक, आणि त्याच्या नेमणुकीचा इतिहास उत्साह वाढवणारा नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असेल तर, कलाशिक्षणासाठी 'अंशकालीन निदेशक' सांगितला. पूर्णवेळ शिक्षक नव्हे, निदेशक. आणि तोही शंभरांच्या वर मुले असतील तर! राज्यात शासन कोणत्याही पक्षाचे असो, वित्त विभागाला हा शब्द सोयीचा वाटत आला आहे. तासिकेच्या हिशेबाने मानधन घेणारा तरुण एका दिवसात तीन शाळा करतो. त्याने सराव कधी करायचा आणि त्याला पाहायला कोणी यायचे? स्थानिक कलावंतांना शाळेत बोलावण्याची धोरणातली कल्पना उत्तम आहे. परंतु एखाद्या कीर्तनकाराला किंवा शाहिराला वर्गासमोर उभे करताना त्याच्याही शेजारी आधी काही दिवस अनुभवी शिक्षक बसला, तर त्या कलावंताचाच मान राखला जाईल.

आता अडचणीचा खरा मुद्दा. देखरेख करणार कोण? उमेदवाराला शाळेत पाठवणे सोपे आहे. त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहणारे डोळे कमी आहेत. पाहणे हीही विद्या आहे. वर्ग चालू असताना हातातली पेटी काढून घेऊन 'असे शिकव' म्हणणारा ज्येष्ठ मुलांसमोर उमेदवाराचा अधिकार संपवतो. तासिका संपेपर्यंत गप्प राहून नंतर चहा घेताना 'तिसऱ्या ओळीला मुलांचा गंधार उतरत होता, तू पेटीवर मान खाली घालून होतास' एवढेच सांगणारा त्याला घडवतो. आधी चार दिवस ज्येष्ठाने शिकवायचे आणि उमेदवाराने पाहायचे. मग अर्धी तासिका एकाने, अर्धी दुसऱ्याने. मग संपूर्ण तासिका उमेदवाराची. आणि शेवटचा महिना ज्येष्ठाने आठवड्यातून एकदाच डोकावायचे. पुण्या-मुंबईत, नागपुरात, मिरजेत, गोव्यात निवृत्त संगीतशिक्षकांची एक पिढी आज घरी बसून आहे. चाळीस वर्षे शाळेत समूहगान बसवलेल्या बाईंना कोणत्या वर्गाला कोणती पट्टी द्यायची ते झोपेतही सांगता येईल. त्यांच्याकडे कोणी गेलेले नाही.

हे काम शासनाच्या आदेशाची वाट पाहात थांबण्यासारखे नाही. मंडळाने विशारदनंतर अध्यापनाचा सराव मागावा, विद्यापीठांच्या संगीत विभागांनी शेवटच्या वर्षात एक सत्र शाळेसाठी राखावे, आणि राष्ट्रीय विचारांच्या संस्थांनी आपल्या शाळांची दारे या उमेदवारांना उघडावीत. संस्कार भारतीसारखी संघटना ज्येष्ठ शिक्षक आणि उमेदवार यांची गाठ घालून देऊ शकते. तिच्या जिल्हा समित्यांना आपल्या गावातली अशी माणसे नावानिशी माहीत असतात. शाळांनी दोन गोष्टी मात्र आधी ठरवून घ्याव्यात. उमेदवार हा फुकटचा संगीतशिक्षक नव्हे; तो आला म्हणून शाळेच्या स्वतःच्या शिक्षकाच्या तासिका काढून घ्यायच्या नाहीत, की त्याला स्नेहसंमेलनाच्या नाचाला पेटीवर बसवायचे नाही. आणि मार्गदर्शक शिक्षकाने दुसऱ्याचा वर्ग पाहण्यात घालवलेली तासिका त्याच्या कार्यभारात धरायची. पाहुण्या ज्येष्ठांना जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन द्यायचे. 'सेवा म्हणून या' असे त्यांना सांगणे सोपे आहे, आणि ते येतीलही. पण सत्तरीतल्या माणसाने बसने दोन गावे ओलांडून यायचे आणि संस्थेने शाल-श्रीफळावर भागवायचे, हे शोभणारे नाही. जूनमध्ये शाळा सुरू होतात. वेळापत्रक त्याआधी ठरते, आणि संगीताच्या तासिका त्यात सर्वांत शेवटी, उरलेल्या जागी टाकल्या जातात. ज्या मुख्याध्यापकांना हे करून पाहायचे असेल, त्यांनी यंदा त्या आधी लिहाव्यात.